मडगावचा चोरीस-पाव आणि आमची मुडली

चोरीस-पाव हा गोव्याचा स्वतःचा बर्गर. मधोमध चिरलेला पाव, आणि त्यात व्हिनेगर, लाल मिरची नि लसणीत मुरवून वाळवलेलं, कांद्यावर परतलेलं डुकराचं मांस. एवढंच त्याचं रूप. गोव्यात तो रस्त्याकडेच्या गाड्यावर मिळतो, बारमध्ये मिळतो, फेस्ताच्या मांडवात मिळतो आणि शहरांतल्या जुन्या, लाकडी बाकांच्या हॉटेलांतही मिळतो. मी तो पहिल्यांदा खाल्ला तो मडगावच्या अशाच एका जुन्या हॉटेलात. त्या खाण्याबद्दल लिहावंसं वाटलं ते चवीसाठी, आणि चवीहून जास्त आमच्या जोयडा तालुक्यासाठी. तो पाव खाताना जे दिसलं, ते आमच्याकडच्या हॉटेलवाल्यांना आणि शेतकऱ्यांना सांगावं, अशी फार इच्छा आहे.

बाजारकुणंग हे माझं सासर. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका म्हणजे काळी नदीचं खोरं, दाट जंगल आणि त्यात विखुरलेल्या वाड्या. काळीचा उगम आमच्याच तालुक्यात, डिग्गीजवळ. घरात कोकणी, पोथी-भजनात मराठी, कचेरीत कन्नड, असं आमचं रोजचं बोलणं. गोव्याची हद्द इथून जवळ. 1961 पर्यंत ती हद्द परक्या राज्याची होती, कॅसलरॉकला जकातीची तपासणी व्हायची, हे घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं आहे. पण हद्दीच्या दोन्ही बाजूंना माणसं तीच. इकडेही कुणबी, तिकडेही कुणबी. आजही आमच्याकडची तरुण मुलं कामासाठी गोव्याला जातात. माझा धाकटा भाऊही मडगावला वायरिंगची कामं करतो. त्याच्या मुलीच्या बारशाला मी गेले, तेव्हाची ही गोष्ट.

थंडीचे दिवस होते. रामनगरहून बस धरली. रामनगर हे तसं नवं गाव. काळीवर गणेशगुडीला सुपा धरण बांधलं गेलं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तिथल्या कितीतरी कुटुंबांचं पुनर्वसन रामनगरला झालं. तालुक्याचं नावसुद्धा पूर्वी सुपाच होतं. रामनगर सोडलं की अनमोडचा घाट लागतो. घाट उतरून मोले, मग फोंडा, आणि बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडली की मडगाव फार लांब राहत नाही. वरच्या गार हवेतून खाली उतरताना अंगातला स्वेटर कुठे काढायचा, हे या वाटेच्या माणसांना ठरलेलं असतं. बहुतेकांचा तो मोल्याला उतरतो.

बारसं संध्याकाळी होतं. सकाळी भाऊ म्हणाला, "ताई, बाजारात जायचंच आहे, तर आज नाश्ता बाहेर करू. तुला एक जागा दाखवतो." मडगावचा बाजार मी आधीही पाहिला होता, पण नेहमी घाईत. या वेळी सावकाश फिरले. सुक्या मासळीच्या ओळी, काणकोणच्या मिरच्यांचे ढीग, सोलं, नारळ, फुलांच्या पाट्या. आणि एका रांगेत दोऱ्यात ओवलेल्या, गडद लाल, तेलाने चकाकणाऱ्या चोरिसांच्या माळा. विकणाऱ्या बायका त्या माळा हातात धरून वजन नजरेनेच सांगत होत्या. जवळ गेलं की व्हिनेगर आणि लसणीचा वास नाकात शिरायचा. तो वास तिखट आहे, आंबट आहे, आणि एकदा घेतला की ओळखीचा होतो.

भावाने नेलेलं हॉटेल बाजारामागच्या गल्लीत होतं. कौलारू छप्पर, उंच दरवाजे, खाली लाल सिमेंटची जमीन. चार-दोन मेजं, त्यांवर संगमरवराच्या फरश्या, कडा झिजलेल्या. काचेच्या कपाटात कटलेट, बटाटेवडे, मिरची भजी आणि बन्स मांडलेले. भिंतीवर एका बाजूला येशूची तसबीर आणि खाली विजेचा छोटा दिवा. गल्ल्यावर साठीच्या पुढची एक बाई बसलेली, आत तिचा मुलगा तव्यावर. गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. मासळीबाजारातून आलेले दोन हमाल, कोर्टात जायला निघालेला एक वकील, शाळेच्या गणवेशातली मुलगी आणि तिचे वडील. कुणालाही मेनू लागत नव्हता. आत येतायेताच काय हवं ते सांगायचं आणि बाकावर बसायचं.

"किदें जाय?" बाईने विचारलं. भावाने दोन चोरीस-पाव आणि चहा सांगितला. मी तव्याजवळच्या बाकावर बसले, म्हणजे करताना दिसेल. आमच्या घरात मांसमच्छीला मज्जाव नाही, पण चोरीस आमच्या चुलीवर कधी शिजलेला नव्हता. तो कसा करतात याची मला उत्सुकता होती.

मुलाने माळेतले मणी तोडले, वरची पातळ साल सुरीने चिरून काढली आणि आतलं मांस मोकळं केलं. तव्यावर तेल घातलंच नाही. मांसातच चरबीचे तुकडे असतात, ते आधी वितळतात आणि त्याच चरबीवर बाकीचं शिजतं. पाण्याचा एक हबका दिला, झाकण ठेवलं. पाणी आटलं तसा उभा चिरलेला कांदा घातला, भरपूर. कांदा त्या लाल तेलात मऊ झाला, कडा तांबूस झाल्या. मीठ नाही, मसाला नाही, कारण जे काही लागतं ते चोरिसातच असतं. शेवटी पाव चिरून त्याच तव्यावर उपडा दाबला, म्हणजे तळाचं लाल तेल पावाने ओढून घेतलं. मग मांस भरलं आणि पाव मिटून बशीत ठेवला. सोबत व्हिनेगर घातलेला कच्चा कांदा. संपलं.

पहिल्या घासाला आंबट लागतं. आपल्या मांसाच्या रश्श्यांमध्ये आंबटपणा मागून येतो, इथे तो पुढे येतो. लगेच मागोमाग मिरचीचा जाळ, पण तो जिभेवर बसत नाही, कारण चरबी आणि पाव त्याला सांभाळून घेतात. मग लसूण, मग लवंग-दालचिनीचा दरवळ, आणि चावताना मांसाचे तुकडे दाताला लागतात. कारखान्यातल्या बर्गरमध्ये खिमा एकजीव केलेला असतो. चोरिसात मांसाचा तुकडा तुकडाच राहतो. कांदा गोडसर झालेला असतो, तो या सगळ्याला सावरतो. पावाची वरची बाजू कडक होती आणि आतली तेल पिऊन मऊ. मी अर्धा खाऊन थांबले आणि चहा घेतला. चहानंतरचा घास पुन्हा पहिल्या घासासारखाच लागला. तिखट आवडणाऱ्या माणसाला हे खाणं आवडणारच, आणि मला ते मनापासून आवडलं.

गर्दी ओसरल्यावर बाईशी बोलले. चोरीस कोण करतं, असं विचारलं तेव्हा तिने आधी माझं गाव विचारलं. जोयडा म्हटल्यावर ओळख पटली, कारण तिच्या घरच्या कुळागरात आमच्याकडची माणसं सुपारी काढायला येत असत. चोरीस पूर्वी तिची सासू घरी करायची, आता नावेलीची एक ओळखीची बाई करून देते, असं तिने सांगितलं. मग कृती सांगितली, आणि ती सांगताना हातांनी करूनही दाखवली.

चरबीसकट मांसाचे बारीक तुकडे करायचे, मीठ लावून वजनाखाली दाबून ठेवायचे, म्हणजे पाणी निघून जातं. मग ऊन दाखवायचं. सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, हळद, लवंग, दालचिनी हे सगळं माडाच्या सुरेच्या व्हिनेगरात वाटायचं. पाण्याचा थेंब नाही. काही घरांत थोडी फेणीही घालतात. या वाटणात मांस काही दिवस मुरवायचं, मग स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून दोऱ्याने मण्यांसारख्या गाठी मारायच्या आणि पुन्हा उन्हात, नाहीतर चुलीच्या धुरावर टांगायचं. व्हिनेगर, मीठ, मिरची आणि ऊन यांनी मांस टिकतं. पावसाळ्यात मासेमारी बंद, बाजार ओस, तेव्हा हेच चोरीस बाहेर निघतात. गोव्यात पावसाळ्याआधी करायच्या या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, सोलं, मिरची, कांदे आणि चोरीस, सगळं मे महिन्यात घरात भरून ठेवायचं.

आमच्याकडेही पावसाळा असाच कठीण. जोयड्याच्या घाटमाथ्यावर पाऊस लागला की दिवसचे दिवस वाडीबाहेर पडता येत नाही. आमची बेगमी म्हणजे नाचणी, भात, सुकवलेली फणसाची आठळी, कोकमाची सोलं आणि मातीत पुरून ठेवलेले कंद. त्यामुळे ती बाई जे सांगत होती ते मला परकं वाटलं नाही. जिन्नस वेगळे आणि गरज तीच.

पाव मात्र आमच्या ताटातला नव्हे. तो पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला आणि मडगावच्या सासष्टी तालुक्यात रुजला. पूर्वी पीठ आंबवायला यीस्टऐवजी माडाची सूर घालत. पाव करणारा तो पोदेर. सकाळी आणि संध्याकाळी पोदेर सायकलवर मोठी टोपली घेऊन, भोंगा वाजवत दारावरून जातो. पाव, बाहेरून कडक असलेला उंडो, कोंडा लावलेली पोयी, काकणं, सगळं त्या टोपलीत. चोरीस पावातही छान लागतो आणि उंड्यातही. पोयीत घातला तर कोंड्याची चव वर येते. आमच्या मेजावर आला तो उंडो होता. उंड्याची कड चावायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आतलं तेल नीट मुरतं.

त्या हॉटेलात चोरीस-पावाशिवायही बरंच काही पावातून खाल्लं जात होतं. हमालांनी कटलेट-पाव घेतला. चपटं, रव्यात घोळवून तळलेलं कटलेट, वर कोबी-कांदा आणि थोडी चटणी. वकिलांनी पातळ भाजी आणि पाव घेतला. गोव्यात संध्याकाळी गाड्यांवर रोस ऑम्लेट मिळतं, म्हणजे ऑम्लेटवर शागुतीचा रस ओतून पावाबरोबर. एकाच पावाने किती गिऱ्हाइकांचं पोट भरतं, हे तिथे बसून कळतं. ज्याला मांस नको त्याला भाजी, ज्याला डुकराचं नको त्याला कोंबडीचं कटलेट, ज्याच्याकडे पैसे कमी त्याला मिरची भजी-पाव. सगळे एकाच मेजावर.

अशी जुनी हॉटेलं गोव्यात अजून टिकून आहेत. पणजीत कॅफे तातो 1913 पासून चालतं आणि तिथली भाजी-पुरी, भाजी-पाव खायला सकाळी रांग असते. मडगावात नगरपालिकेसमोरचं लॉंगिन्होस 1950 पासून आहे. मुंबईत इराण्यांची हॉटेलं अशीच. धोबीतलावचं कयानी 1904 सालचं. या जागांनी शहरांना एक मोठी देणगी दिली आहे. कुठल्याही माणसाने आत यावं, थोड्या पैशांत त्या गावचं खास खावं आणि कामाला जावं. मुंबईच्या वडापावाचंही तसंच. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. बटाटा आणि पाव दोन्ही पोर्तुगिजांमार्फत आलेले, पण वडापाव मुंबईचा झाला, कारण तो स्वस्त होता आणि रोज मिळत होता.

पुढे 1996 मध्ये मॅकडोनल्ड्स भारतात आलं. त्यांनी इथे गोमांसाचा बर्गर ठेवला नाही. बटाट्याची टिक्की पावात घातली आणि तो बर्गर देशभर खपला. बाहेरच्या कंपनीने इथल्या माणसाच्या जिभेचा आणि श्रद्धेचा विचार करून आपलं खाणं बदललं. मग आपल्या मातीत पिकणारं आपण पावात का घालत नाही, हा प्रश्न त्या मडगावच्या बाकावर बसल्याबसल्याच माझ्या मनात आला.

जोयडा कंदांचा तालुका आहे. आमच्या कुणबी घरांच्या परसात मुडली, कोनं, काटेकणगं, करांदे, सुरण, रताळी, अळूचे कितीतरी प्रकार पिढ्यान्‌पिढ्या लावले जातात. बियाणं विकत आणावं लागत नाही. काढणीच्या वेळीच पुढच्या वर्षासाठी कंद बाजूला ठेवतात. मुडली हा त्यांतला राजा. अळूच्या जातीचा हा कंद इतका मोठा होतो की एका कंदात मोठ्या कुटुंबाची भाजी होते. शिजला की आत पांढरा, मऊ, चवीला बटाट्यापेक्षा भारदस्त. थंडीत जोयड्याला गड्डे-गेणसांचा मेळा भरतो. बायका डोक्यावरून, जीपमधून कंद आणतात, ढीग लागतात, धारवाड-बेळगाव-कारवारहून माणसं येतात आणि पोती भरून नेतात. तो दिवस आमच्यासाठी अभिमानाचा असतो. कुणबी बायका आपल्या हातचं पिकवलेलं स्वतः विकतात आणि पैसे स्वतःच्या हातात घेतात.

पण मेळा संपला की दुसऱ्या दिवशी जोयड्यात, रामनगरात किंवा गणेशगुडीत आलेल्या पाहुण्याला मुडली कुठे खायला मिळते? काही घरगुती होमस्टेमध्ये मिळते, तीही आधी सांगून ठेवलं तर. बाकी रस्त्याकडेच्या हॉटेलांत इडली, पुरी, गोबी मंचुरियन, आणि रिसॉर्टमध्ये पनीर बटर मसाला. काळी व्याघ्र प्रकल्प आणि काळीवरचं राफ्टिंग यांमुळे इतकी माणसं येतात. ती जंगल बघतात, नदीत भिजतात आणि आमच्या तालुक्याची चव न घेता परत जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष पाहुण्यांचा नाही. जे पाटीवर लिहिलेलं नाही, ते कोण मागणार?

मडगावच्या त्या हॉटेलात मला उत्तर दिसलं. चोरीस मेळ्यात किंवा सणालाच मिळत असता, तर तो फार थोड्यांना माहीत असता. तो टिकला, कारण तो रोज मिळतो, उभ्याउभ्या खाता येतो, परवडतो आणि कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पावात घातलेली कुठलीही गोष्ट माणूस लगेच ओळखतो. पदार्थ टिकवायचा असेल तर त्याला रोजच्या हॉटेलात जागा मिळायला हवी.

म्हणून परतताना मी सकाळच्या पोदेराकडून उंडे घेतले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, की मुडलीची कापं करू आणि पावात घालू. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कापं चांगली हवीत, मग पाव काय नि भाकरी काय." आणि कोयता घेऊन परसात गेल्या.

कापं करण्यात खरी कसोटी खाजेची. मुडली, अळू, सुरण यांत खाज असते, ती आंबटाने जाते. सासूबाईंची पद्धत अशी. कंद जाड साल काढून बोटभर जाडीच्या चकत्यांत कापायचा. कापताना हाताला खोबरेल लावायचं. चकत्या मिठाच्या पाण्यात कोकमाची सोलं घालून थोडा वेळ ठेवायच्या, मग त्याच पाण्यात अर्धवट उकडायच्या. पाणी टाकून द्यायचं. चकत्यांना मिरचीपूड, हळद, हिंग आणि चिमूटभर धणेपूड लावायची. तांदळाचं पीठ आणि जाड रवा एकत्र करून त्यात दाबून घोळवायच्या आणि तव्यावर खोबरेल सोडून मंद आंचेवर दोन्ही बाजूंनी भाजायच्या. घाई केली तर बाहेर करपतं आणि आत कच्चं राहतं. मंद भाजलं तर वरचा रवा कुरकुरीत आणि आतला कंद लोण्यासारखा होतो.

पावासाठी मी फक्त दोन गोष्टी वाढवल्या. एक, गावठी कांथारी मिरची, लसूण, ओलं खोबरं आणि मीठ यांची जाडसर चटणी. दुसरी, मडगावात पाहिल्याप्रमाणे उभा चिरलेला कांदा, थोडं मीठ आणि व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं. उंडो चिरून तव्यावर कापाच्याच तेलात दाबला, चटणी लावली, दोन कापं आडवी घातली, वर कांदा. घरातल्या मुलांनी ते खाल्लं आणि पुन्हा मागितलं. सासऱ्यांनी पाव बाजूला काढून कापं भाकरीबरोबर खाल्ली, आणि तेही ठीकच आहे. सासूबाईंनी पावातली कापं खाऊन सांगितलं, की चटणीत थोडी चिंच घाल. दुसऱ्या खेपेला घातली, आणि त्यांचं बरोबर होतं.

चव सांगायची तर चोरीस-पावाइतका जोर त्यात नाही, आणि असायचं कारणही नाही. कंदाला स्वतःची सौम्य, मातकट गोडी असते, ती मिरची आणि आंबटामुळे उठून दिसते. शाकाहारी पाहुण्यालाही ते देता येतं. जोयड्याला येणाऱ्या पाहुण्यांत शाकाहारी पुष्कळ असतात, हे हॉटेलवाल्यांना चांगलं ठाऊक आहे.

यात अडचणी आहेत. मुडली बारा महिने मिळत नाही, थंडीतच तिची मोठी आवक. पण चोरीसही पावसाळ्यासाठी उन्हाळ्यात करून ठेवायचीच गोष्ट होती. कंद तर मातीत आणि सावलीत काही महिने टिकतात. थंडीत मुडली, पुढे सुरण, मग कोनं आणि रताळी, असा क्रम लावला तर हंगामाप्रमाणे पाटी बदलता येईल. रोज पाव मिळणं ही दुसरी अडचण. पण रामनगर गोव्याच्या वाटेवर आहे, आणि तिथल्या बेकरीत पाव भाजले जातातच. तिसरी अडचण, हॉटेलवाल्याला खाज काढायची पद्धत माहीत नसणं. ती आमच्या गावोगावच्या बायकांना पिढ्यांपासून माहीत आहे. एखाद्या हॉटेलाने स्वयंपाकघरात एका कुणबी बाईला काम दिलं, तर पद्धतही मिळेल आणि त्या बाईला घराजवळ रोजगारही मिळेल. आज आमच्या मुली गोव्यात जाऊन दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने तर याचं मोल फार मोठं आहे. मेळ्याच्या दिवशी सगळा माल एकदम येतो, भाव पडतो, उरलेला माल परत न्यावा लागतो. हॉटेलांनी आठवड्याला ठराविक कंद घेतले, तर शेतकऱ्याला आपण किती लावायचं ते आधी ठरवता येईल. रानडुकरं आणि साळिंदरं कंद उकरून नासधूस करतात, तरी आमची माणसं लावणं सोडत नाहीत. त्यांना बाजाराची खात्री मिळाली, तर परसातले कितीतरी जुने प्रकार नाहीसे होण्यापासून वाचतील. शेतीखात्याच्या योजनांनी जे होईल ते होवो, पण रोज विकल्या जाणाऱ्या एका पदार्थाने ते लवकर होईल, असं माझं ठाम मत आहे.

मडगावच्या त्या बाईने हे कसलंही मोठं काम म्हणून केलेलं नाही. ती रोज सकाळी दार उघडते, मुलगा तवा तापवतो, आणि नावेलीच्या बाईच्या चोरिसांना गिऱ्हाईक मिळतं. पोदेराचे पाव खपतात. ज्याने मांस दिलं, ज्याने व्हिनेगर काढलं, ज्याने मिरची पिकवली, त्या सगळ्यांच्या घरात त्यातला थोडा पैसा जातो. एका चोरीस-पावामागे इतकी घरं उभी असतात.

जोयडा, रामनगर, गणेशगुडी आणि दांडेलीच्या हॉटेलमालकांना माझी विनंती आहे. या थंडीत एका आठवड्यासाठी तरी मुडलीची कापं आणि पाव पाटीवर लिहा. पाककृती वर दिलेली आहेच, आणि हवी असेल तर आमच्या गावातल्या कुठल्याही घरातली बाई येऊन शिकवेल. वाचकांनाही एक सांगणं. मडगावला गेलात तर बाजारामागच्या जुन्या हॉटेलात चोरीस-पाव जरूर खा. आणि जोयड्याला आलात तर हॉटेलात बसल्याबसल्या आधी विचारा, मुडली आहे का? नसेल तरी विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं, की पाचव्याला ती मिळेल.